चौकशीला आलेला माणूस

काचेच्या बरणीत पिवळं फडकं होतं. बरणीला घट्ट बसणारं झाकण, बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर टाइप केलेला आकडा. अशा सहा बरण्या कपाटात ओळीने मांडलेल्या होत्या. बायको वाकून बघत म्हणाली, "लोणच्याच्या बरण्या वाटतात. पण आत फडकी कशाला कोंबलीयेत?"

मुलीने खालची पाटी वाचली आणि आम्हाला मराठीत सांगितलं. आम्ही उभे होतो ती इमारत एकेकाळी पूर्व बर्लिनच्या गुप्त पोलिसांची होती, आता तिथे संग्रहालय आहे. ज्याच्यावर संशय असेल त्याला काहीतरी निमित्त काढून बोलवायचे. खुर्चीच्या गादीवर आधीच हे फडकं अंथरलेलं असायचं. माणूस बसायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायचा, घाम यायचा, उठून घरी जायचा. मग चिमट्याने फडकं उचलून बरणीत बंद करायचं. त्याचा वास साठवून ठेवायचा. पुढे कधी रस्त्यात सरकारविरोधी पत्रकं सापडली, की बरणी उघडून कुत्र्याला हुंगायला द्यायची.

"आणि त्या माणसाला काहीच कळायचं नाही?" बायकोने विचारलं.

"नाही ना. त्याला वाटायचं, गेलो, बोललो, सुटलो."

"शी," बायको म्हणाली आणि पुढच्या दालनात गेली.

मी मात्र तिथेच राहिलो. एकाएकी मला डोंबिवलीच्या आमच्या घरातली वेताची खुर्ची दिसू लागली, आणि तिच्यावर बसून बशीत चहा ओतणारा एक माणूस. पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही. चहा ओतताना तो खाली बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, एवढंच आठवतं.

मुलगी बर्लिनला शिकते. तिला भेटायला आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. ठाण्याच्या ऑफिसातून मी इतकी मोठी रजा पहिल्यांदाच घेतली. मुलीने बघण्याच्या जागांची यादी केली होती आणि त्या यादीत राजवाडे, बागा कमी आणि असल्या जागाच जास्त होत्या. बायको कुरकुरली, "लोक स्वित्झर्लंडला जाऊन बर्फ बघतात, तू आम्हाला तुरुंग दाखवतेस." मुलगी म्हणाली, "आई, हे शहर असंच आहे. इथे ते लपवत नाहीत."

बरण्यांच्या पलीकडे भिंतीला जुने टेलिफोन लावले होते. रिसीव्हर कानाला लावला की पाळतीचा एखादा अहवाल वाचलेला ऐकू यायचा. मी एक उचलला. बाईचा आवाज होता, जर्मन, सपाट, घाई नसलेला. मला एक शब्द कळत नव्हता. मी मुलीला हाक मारली आणि ती माझ्या शेजारी डोकं टेकवून अर्थ सांगू लागली. सात वाजून दहा मिनिटांनी कचरा टाकायला खाली आली. सोबत कोणी नाही. दोन पाव घेतले, एरवी एकच घेते. स्वयंपाकघरातला दिवा उशिरापर्यंत चालू.

"हे कोण सांगायचं?" मी विचारलं.

"शेजारीच, बाबा. पोलीस कुठे स्वयंपाकघरात बघायला जाणार?"

मी रिसीव्हर खाली ठेवला नाही. जर्मन आवाज बोलत राहिला आणि त्याखालून, अगदी स्पष्ट, मला माझा स्वतःचा अठ्ठाविसाव्या वर्षीचा आवाज ऐकू येऊ लागला. तो काय बोलला होता ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आमच्या मजल्यावर तेव्हा तीन बिऱ्हाडं होती. समोरच्या घरात काका, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही एकाच जिन्यावर वाढलो. त्या सुमारास काका आणि ती दर शनिवारी पिशवी घेऊन बाहेर पडायचे. विचारलं तर काका म्हणायचे, "टिटवाळ्याला. गणपतीला." संध्याकाळी परत आले की पेढ्याचा पुडा घरोघर फिरायचा.

मला शनिवारी अर्धा दिवस असायचा. एकदा मी दोघांना ठाण्याच्या बाजूच्या फलाटावर उभं पाहिलं. टिटवाळा उलट्या दिशेला, कल्याणच्याही पुढे. मग मी पेढ्याचा पुडा नीट बघितला. त्यावर आमच्याच स्टेशनजवळच्या दुकानाचं नाव होतं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. इतरांना न कळलेलं मला कळलं होतं. पुढे एका शनिवारी नौपाड्यातल्या एका गल्लीतून जाताना ती मला दिसली. मानसोपचार तज्ज्ञाच्या पाटीखालून ती एकटीच बाहेर आली, हातात औषधाचा कागद, आणि समोरच्या मेडिकलमध्ये शिरली. मी दुकानाच्या आडोशाला थांबलो. काका दहा मिनिटांनी आले. मी मनात हिशेब जुळवला आणि ठेवून दिला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तो माणूस आला. रविवारी दुपारी. आई भजनाला गेली होती, मी एकटा होतो. "वरच्या मजल्यावर जागा रिकामी आहे असं ऐकलं," तो म्हणाला. जागा रिकामी नव्हती आणि ते त्यालाही ठाऊक होतं. लग्नाच्या चौकशीला येणारे तेव्हा असेच यायचे. जागा बघायला, नाहीतर कुणाचा तरी पत्ता विचारायला. पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, मग हळूच मुद्द्यावर यायचं. समोरच्या मुलीचं कल्याणच्या एका मुलाशी जमत आलं होतं, पत्रिका जुळली होती, हा माणूस मुलाचा लांबचा काका.

"तुम्ही शिकलेले आहात," तो म्हणाला. "बायका काय, बरंच बोलतात. खरं ते तुम्हीच सांगाल. तुमचं नाव कुठे येणार नाही."

मी म्हणालो, "मुलगी चांगली आहे. हुशार आहे. फक्त तब्येतीचं एकदा विचारून घ्या. दर शनिवारी ठाण्याला डॉक्टरकडे जावं लागतं तिला."

"कसले डॉक्टर?"

"मनाचे."

त्याने बशी खाली ठेवली. "फार उपकार झाले," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. समोरचं दार उघडंच होतं. काकूंनी त्याला जिना उतरताना पाहिलं आणि मला विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "जागा बघायला आलेला कुणीतरी."

आठवड्याने निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. त्यानंतरची दोन स्थळंही बघण्याआधीच थांबली. कल्याण-डोंबिवलीत, एका जातीतल्या लोकांत, अशी गोष्ट किती दिवस लपणार? तिचं लग्न झालं नाही. ती कल्याणच्या एका शाळेत शिकवते, आता पन्नाशीला आली आहे. लग्न न होण्याने तिचं वाईटच झालं असं ठरवायचा अधिकार मला नाही. पण ठरवायची संधी मी तिच्याकडून काढून घेतली, हे नक्की.

खरं काय ते मला चार वर्षांनी कळलं. काका गेले, त्यांच्या तेराव्याला आम्ही सगळे समोरच्या घरात होतो. मी पानं मांडत होतो. काकू माझ्या आईला सांगत होत्या, "औषधं यांना चालू होती. गर्दीत एकटं जायला घाबरायचे म्हणून पोर सोबत जायची. आम्ही कुणाला कळू दिलं नाही. बाहेर एकटीलाच ठाऊक होतं, माझ्या बहिणीला. तिनेच तोंड उघडलं आणि माझ्या पोरीच्या नावावर घातलं."

काकूंची बहीण विठ्ठलवाडीला राहते. सगळे तिला मावशीच म्हणतात. त्या दिवशी ती आली होती, पण जिन्यातूनच परत गेली, काकूंनी तिला आत घेतलं नाही. मी हातात केळीची पानं घेऊन उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी पानं मांडली.

याहून वाईट एक गोष्ट आहे. काका जाण्याच्या वर्षभर आधी माझं लग्न ठरत होतं, तेव्हा बायकोकडचे लोकही असेच चौकशीला आले होते, ते नेमके काकांकडे. सासरे अजून कौतुकाने सांगतात, "तुमच्या समोरचे गृहस्थ म्हणाले, डोळे मिटून मुलगी द्या. असा सरळ मुलगा मिळायचा नाही."

बर्लिनमध्ये मी हे सगळं घेऊन फिरत होतो. शहराच्या मधोमध काँक्रीटच्या करड्या ठोकळ्यांचं एक स्मारक आहे, मारल्या गेलेल्या ज्यूंचं. बाहेरून ठोकळे कमरेएवढे दिसतात, पण आत चालत गेलं की जमीन खाली खाली जाते आणि ते डोक्याच्या वर चढतात. बायको दोन पावलं पुढे होती आणि पुढच्या क्षणी नव्हती. मी हाक मारली. आवाज कुठेच पोचला नाही, जणू कापसात मारली. एका गल्लीच्या टोकाला एक म्हातारी आडवी गेली. पांढरट स्वेटर, एक पाय किंचित ओढत चालणं. मी घाईने तिथे गेलो. कुणी नव्हतं. पुढच्या गल्लीच्या टोकाला पुन्हा तीच, तशीच, डावीकडून उजवीकडे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. काकू तशाच चालतात. त्या या वेळी चार हजार मैलांवर डोंबिवलीत दुपारच्या झोपेत असतील हे मला कळत होतं, तरी मी त्या म्हातारीला गाठायला निघालो आणि मला कोपरे कळेनासे झाले. शेवटी बायकोनेच मागून दंड धरला. "अहो, कुठे धावताय? केवढे घामाघूम झालात."

"तू दिसली नाहीस म्हणून."

"मी तुमच्या मागेच होते."

शेवटच्या आठवड्यात मुलीने त्याच गुप्त पोलिसांचा तुरुंग दाखवला. ट्रामने बरंच पूर्वेला जावं लागतं. आजूबाजूला साधी घरं, बाल्कनीत फुलांच्या कुंड्या, आणि मधेच ती भिंत. माहिती सांगणारा म्हातारा स्वतः तिथे कैदी होता. तो इंग्रजीत हळूहळू बोलायचा, अडलं की जर्मनमध्ये, आणि मुलगी उरलेलं सांगायची. लांब कॉरिडॉरमध्ये छताजवळ लाल दिवे होते. एका कैद्याला नेत असताना दिवा लागायचा, म्हणजे दुसऱ्याला त्या वाटेने आणायचं नाही. कैद्याने कैद्याचं तोंड बघायचं नाही. म्हाताऱ्याने बटण दाबून दिवा लावून दाखवला आणि सवयीने स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आम्हीही तसेच उभे राहिलो, का ते सांगता येणार नाही. वीसेक माणसं, भिंतीकडे तोंड, लाल उजेड. मागून कुणीतरी चालत गेल्यासारखं मला वाटलं. मग त्याने दिवा बंद केला आणि हसून म्हणाला, "कुणी नाही."

चौकशीच्या खोल्या एकाच मापाच्या, एकीनंतर एक. फुलाफुलांचा भिंतीचा कागद, खिडकीला पडदा, टेबल, खुर्ची. कुणाच्याही घरातली खोली वाटावी अशा. बायकोने मुलीला म्हटलं, "विचार ना त्यांना, त्यांच्याबद्दल कुणी सांगितलं ते कळलं का?"

"आई, असं कसं विचारू?"

पण प्रत्येक गट हेच विचारत असावा, म्हाताऱ्याला प्रश्न समजला होता. तो म्हणाला, "सतरा वर्षं मी माझ्या बायकोच्या भावावर संशय घेतला. तो मेला तेव्हा त्याच्या दफनाला गेलो नाही. मग भिंत पडली, फाइली उघडल्या. माझ्या फाइलीत दुसऱ्याच माणसाचं अक्षर होतं. वरच्या मजल्यावरचा. आमच्याकडे शिडी मागायला यायचा."

"मग तो काय म्हणाला?" बायको.

"काही नाही. मी ती इमारत सोडेपर्यंत तो मला जिन्यात नमस्कार करायचा. चांगला, मनापासून."

बायको मला म्हणाली, "कसली माणसं असतात हो. कसं जेवण जातं घशाखाली?"

मी टेबलाची कडा धरून उभा होतो. म्हातारा माझ्याकडे बघत होता. कदाचित तो प्रत्येक गटातल्या एखाद्याकडे असाच बघत असेल. मला वाटलं, याला कळलं. तिथे लोकांचे जीव गेले, आयुष्यं सडली, आणि माझं प्रकरण डोंबिवलीतल्या एका कप चहाचं. दोन्हींची तुलना करणं चूक आहे. पण शिडी मागणारा माणूस दोन्हीकडे एकच होता. आणि म्हाताऱ्याचा मेव्हणा मेला होता. मावशी जिवंत होती.

परत आलो तेव्हा समोरचं दार नेहमीसारखं उघडं होतं. आमची किल्ली काकूंच्या मुलीकडेच असते. ती किल्ली घेऊन बाहेर आली, चष्मा कपाळावर ढकललेला, हातात तपासायचे पेपर.

"आलात का? तुळस जगवलीय हां, नंतर नावं ठेवू नका. आणि जर्मनीहून नुसती चॉकलेटं आणली असतील तर आधीच सांगते, मला शुगर निघालीय."

"साबण आणलाय तुला," बायको म्हणाली आणि बॅगा घेऊन आत गेली.

मी दारातच थांबलो. "मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की. असा काय चेहरा केलायस? मेडिकल-बिडिकल काही निघालं का तुझं?"

"तुझं लग्न मोडलं ना, कल्याणचं. ते मी मोडलं."

ती हसली. मग थांबली. मी सगळं सांगितलं, फलाट, पेढ्याचा पुडा, पाटी, खुर्ची, चहा. नीट क्रमाने सांगितलं. मनात इतक्या वेळा म्हटलेलं होतं की कुठे अडखळलो नाही, आणि तेच मला सगळ्यात घाणेरडं वाटलं. ती पेपरांच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत होती.

"मला लांबून बघत होतास, मेडिकलच्या समोर?"

"हो."

"बाबा आत खुर्चीला धरून बसले होते. उठतच नव्हते. म्हणून मी एकटी बाहेर आले होते, औषधं घ्यायला. तेवढ्यात तू हाक मारली असतीस ना, तर मला बरं वाटलं असतं रे. कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं."

तिने पेपरांचा गठ्ठा काखेत धरला.

"मला सांगून झालं," ती म्हणाली. "माझं मी बघेन. पण मावशीचं काय? आईला तू सांगायचं. मी नाही सांगणार. आत्ता, चल."

काकू खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता फारच कमी ऐकू येतं, यंत्र लावायला त्या तयार नाहीत. मी जवळ बसलो आणि सांगितलं.

"काय? मोठ्याने बोल."

मी पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत नाही रे. तुझं नेहमी पुटपुटणं. जर्मनीत काय झालं?"

त्या माणसाच्या कानात मी जे पुटपुटलो होतो ते मला ओरडून सांगावं लागलं. मावशीने नाही, काकू. मी सांगितलं होतं. मीच. तिला डॉक्टर लागतो असं मी म्हणालो होतो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडाचं दार उघडल्याचा आवाज आला. मी मागे पाहिलं. उंबऱ्यात बायको उभी होती, हातात कागदात गुंडाळलेला साबण.

या वेळी काकूंना ऐकू आलं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "याला घरी जायला सांग."

तिने सांगितलं नाही. मीच उठलो.

दुसऱ्या दिवशी समोरचं दार बंद होतं. एवढ्या वर्षांत दिवसा ते बंद पाहिल्याचं मला आठवत नाही. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. तिने एकच विचारलं, "बाबांना कोण सांगणार? त्यांच्या तोंडी अजून ते वाक्य आहे, डोळे मिटून मुलगी द्या." मी म्हणालो, मी सांगेन. ती म्हणाली, "आता तेवढंच राहिलंय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी पुढच्या खोलीत बसलो होतो. समोरून काकूंचा आवाज आला, मोठा, दोन दारं बंद असूनही. त्या फोनवर होत्या. ज्याला ऐकू येत नाही तो असाच बोलतो. "कोण बोलतंय? मी बोलतेय. अगं, मी. तुझी ताई." मग काहीच नाही. मग आवाज चढला, पण तो रडण्याचा होता की भांडणाचा, ते लगेच कळेना. कळून घ्यायला मला फक्त दारापर्यंत जावं लागलं असतं. चार पावलं.

मी उठलो, चपला घातल्या.

"कुठे निघालात?" बायकोने आतून विचारलं.

"खाली."

समोरच्या दारापुढून जाताना मी जिन्यात पाय आपटत उतरलो, म्हणजे आत कळावं की कुणी उभं राहून ऐकत नाही. खाली आवारात पार्किंगपाशी थांबलो. तिथे वरचं काही ऐकू येत नाही. पाऊण तासाने समोरच्या घरातला दिवा लागला आणि ती खिडकीत आली. तिने मला खाली उभं पाहिलं. तिने हात केला नाही, खिडकीही लावली नाही. मी अजून थोडा वेळ तिथेच थांबलो.